आईबाबा मलावीत, घराची किल्ली माझ्याकडे (आणि एक बॅटरीचा प्रश्न)

सदरची_चिमणी

तीन वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज लिहायला बसले ती एका बॅटरीपायी. पण तिच्यापर्यंत पोचायला थोडं मागून यावं लागेल, तेव्हा ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ शेवटचा परिच्छेद वाचावा.

माझे आईबाबा गेल्या फेब्रुवारीपासून मलावीत आहेत. टांझानिया, झांबिया आणि मोझांबिक यांच्या मधोमध जो चिंचोळा देश दिसतो, तो. बाबा ६६ वर्षांचे, वीज मंडळातून निवृत्त. आई ६४ ची, सरकारी दवाखान्यातून परिसेविका म्हणून निवृत्त. आम्ही नागपुरातल्या सदर भागातले मराठी ख्रिस्ती. चर्चच्या ओळखीतून ब्लँटायर शहरापासून तासाभरावरच्या एका मिशन हॉस्पिटलचं बोलावणं आलं. दोन वर्षांसाठी, बिनपगारी. राहायला दोन खोल्या मिळतात. तिकीट, जेवणखाण सगळं आपल्या पेन्शनीतून.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी विचारलं, "आजवर गोरे तिकडून इकडे यायचे, आता तुम्ही कुठे निघाले?" मी हसले, पण मलाही हाच प्रश्न होता. मिशनरी म्हटलं की डोळ्यांसमोर झाड, झाडाखाली माणसं, हातात पुस्तक. बाबांच्या हातात पुस्तक नसतं, टेस्टर असतो.

त्यांचा दिवस साडेचारला सुरू होतो. तिथे उजाडतंही लवकर आणि मावळतंही लवकर, सहा वाजता काळोख. साडेसातला हॉस्पिटलच्या सगळ्या स्टाफची प्रार्थना. डॉक्टर, झाडूवाला, स्वयंपाकी सगळे एका हॉलमध्ये. पेटी नाही, तबला नाही, नुसत्या गळ्यांवर चार पट्ट्यांत गातात. आई म्हणते, आपल्याकडे गाणं बसवायला महिना लागतो, इथे मावशी बादली खाली ठेवते आणि वरच्या पट्टीत सुरू होते. मग रात्रीचा रिपोर्ट. कोण गेलं, कोण जन्मलं, डिझेल किती उरलं.

डिझेल हा बाबांचा प्रांत. वीज रोज जाते, पेट्रोल-डिझेलची टंचाई अधूनमधून असतेच. ऑक्सिजन काॅन्सन्ट्रेटर विजेवर, लशींचा फ्रीज विजेवर, ऑपरेशनचा दिवा विजेवर. वीज गेली की जनरेटर लागेपर्यंत मधली मिनिटं सोलरच्या बॅटऱ्यांनी सांभाळायची. बाबांनी चेंजओव्हर स्विचच्या (लाइनवरून जनरेटरवर न्यायचा खटका) वर एक कागद चिकटवलाय. आधी काय पाडायचं, मग काय उचलायचं, चित्रं काढून. सगळे त्यांना 'बाम्बो मागेत्सी' म्हणतात. बाम्बो म्हणजे बाबा, मागेत्सी म्हणजे वीज. आमच्या वीजवाल्या बाबांना तीस वर्षांच्या नोकरीत इतक्या प्रेमाने कुणी हाक मारली नव्हती. लोक फोन करून काय म्हणायचे ते इथे लिहिता येणार नाही.

आईची गोष्ट वेगळी. ती गेली शिकवायला. पहिला महिना तिने चादरी मोजल्या. खरंच. लिनन रूमचा हिशोब कुणालाच लागत नव्हता, मेट्रनने विचारलं, बघता का? आईला राग आला होता, मला फोनवर कळत होता. तिला कमी दिवसांच्या बाळांचं कांगारू पद्धतीचं संगोपन शिकवायचं होतं, त्यासाठी इथून तक्तेसुद्धा नेले होते. वॉर्डात जाऊन पाहते तर सगळ्या आया बाळं छातीशी बांधून बसलेल्या. तिथल्या पोरी रंगीत चितेंजे नावाचं कापड एका हाताने गुंडाळतात, दोन गाठी मारतात, बाळ पक्कं. आपल्याकडे याच गोष्टीसाठी आईने सासवांच्या विनवण्या केल्यात. तक्ते अजून ट्रंकेत आहेत. त्या दिवशी रात्री व्हिडिओ कॉल केला तर आई छातीशी उशी बांधून उभी. म्हणे, "गाठ मागून येते ना, ती जमून नाही राह्यली."

भाषेचं बाबांनी पहिल्याच दिवशी हसं करून घेतलं. चिचेवा भाषेत 'कसे आहात' ला म्हणतात 'मुली ब्वांजी?' बाबांनी तत्परतेने सांगितलं, "मुली? एकच. नागपुरात असते."

आता बॅटरी. १२ व्होल्टच्या आठ ट्यूब्युलर बॅटऱ्या आहेत, चार-चारच्या दोन ओळी, ४८ व्होल्टची बँक. दिवसभर चार्ज होऊनही रात्री तासाभरात बसतात. बाबांनी हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजायची नळी, रीडिंग जास्त म्हणजे चार्ज जास्त) सगळे ४८ सेल मोजले. बहुतेक १२२० च्या आसपास. पण दुसऱ्या ओळीतल्या एका बॅटरीचे सहाही सेल ११६० ते ११७०. आधीचा माणूस बोअरचं पाणी घालायचा असं कळलं. नवी बॅटरी महाग आहे आणि येईल कधी ते देव जाणे. इथे कुणी बॅटरीतले जाणकार आहेत का? बाबा लाइनवरचे माणूस, बॅटरी त्यांचा विषय नाही, पण तसं ते कबूल करणार नाहीत. मीच विचारतेय.

तर्रीवाला

बाप्पा! वाचतो आहे. उशीवालं चित्र डोळ्यासमोरून हलेना. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

मनुताई

खूप छान लिहिलंय. तुमची आई जेवणाचं कसं करते तिथे? मी मुलाकडे चार महिने परदेशात राहिले तर तिसऱ्या आठवड्यात वरणासाठी रडू आलं होतं.

शंकासुर

लेखन चांगलं आहे, पण एक प्रश्न, राग मानू नका. ही सेवा की धर्मप्रसार? बिनपगारी कोण जातं उगाच? आणि सेवाच करायची तर मेळघाट, गडचिरोली जवळ नव्हतं का?

बुटीबोरी_फिटर

ताई, बॅटरीचं सांगतो. सहाही सेल सारखेच खाली असतील तर सेल मेला नाही, बॅटरी उपाशी आहे. एक सेल खाली आणि पाच वर असते तर मी फेकून द्या म्हटलं असतं. आधी त्या बॅटरीच्या टर्मिनलवरची गंज काढा, वायरचे नट कसले आहेत का पाहा. ढिल्या जोडामुळे ती पूर्ण ओळच कमी चार्ज होते, तेव्हा त्या ओळीतल्या बाकी तिघांचं रीडिंगही वेगळं लिहा. दुसरं, ॲसिड अजिबात टाकायचं नाही. लोकं रीडिंग वाढावं म्हणून ॲसिड टाकतात आणि प्लेटा खातात. डिस्टिल्ड पाणीच. मग इक्वलायझिंग चार्ज द्या, म्हणजे सगळे सेल बरोबरीला आणायला मुद्दाम दिलेला जादा चार्ज. इन्व्हर्टरचा लोड काढून, हवा खेळती ठेवून, कारण वायू निघतो. विडी ओढणाऱ्याला खोलीत येऊ देऊ नका.

जुना_हिस्लोपियन

शंकासुर, हा प्रश्न नागपुरात विचारताय यात गंमत आहे. स्टीफन हिस्लॉप इथे १८४५ मध्ये आला, पुढच्या वर्षी शाळा काढली, तिचंच पुढे १८८३ मध्ये कॉलेज झालं. तो आला धर्मप्रसारालाच, त्यात लपवाछपवी नव्हती. पण त्याची जास्त आठवण निघते ती दगडांमुळे. या भागातले जीवाश्म, खडक, महापाषाणकालीन शिळावर्तुळं यांच्या नोंदी त्याने केल्या. एका खनिजाला हिस्लोपाइट नाव आहे. आणि १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटकडची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून गेला. ४५ वर्षांचा होता. आलेला माणूस शेवटी कशात गुंततो ते निघताना त्यालाही ठाऊक नसतं.

अवांतर: ज्या स्कॉटलंडच्या फ्री चर्चने त्याला पाठवलं, त्याच चर्चने १८७५ मध्ये मलावीत मिशन सुरू केलं. म्हणजे चिमणीताईंचे आईबाबा एका अर्थी भावकीतच गेलेत.

सदरची_चिमणी

@जुना_हिस्लोपियन, बारीक दुरुस्ती करते, बाबा ओरडतील नाहीतर. १८७५ चं फ्री चर्चचं मिशन उत्तरेकडचं, लिव्हिंगस्टोनिया. ब्लँटायरचं त्यानंतरच्या वर्षीचं आणि ते स्कॉटलंडच्या मूळ, सरकारमान्य चर्चचं. भावकी खरी, पण वाटणी झालेली. गावाला ब्लँटायर नाव पडलं ते डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या स्कॉटलंडमधल्या जन्मगावावरून.

@शंकासुर, राग नाही. दोन भाग आहेत. धर्मप्रसाराचं म्हणाल तर मलावीतले तीन-चतुर्थांशांहून जास्त लोक आधीच ख्रिस्ती आहेत. रविवारची उपासना तीन तास चालते, वर्गणी द्यायला लोक नाचत जातात. आमच्या चर्चमध्ये दीड तास झाला की माणसं घड्याळाकडे बघतात. तिथे जाऊन आईबाबा कुणाला काय सांगणार? श्रद्धेने गेलेत हे मात्र खरं, ते झाकायचं कारण नाही. त्यांना विचारलंत तर 'देवाने बोलावलं' असंच सांगतील. मला ते वाक्य दरवेळी पचतं असं नाही.

मेळघाटचा प्रश्न मी स्वतः विचारला होता, निघायच्या आदल्या महिन्यात, बऱ्यापैकी चढ्या आवाजात. बाबांनी नोकरीतली नऊ वर्षं गडचिरोली जिल्ह्यात काढलीत, मी लहान असताना. महिन्यातून दोनदा घरी यायचे. त्यांनी एवढंच म्हटलं, "तिथं सरकारनं पाठवलं होतं, गेलो. इथं यांनी बोलावलं, जातो. तुले वाटते आम्ही नकाशा पाहून निवडलं?" मला पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती आणि मला आई इथे हवी होती, माझ्या प्रश्नाखाली तो स्वार्थ होता हेही लिहून टाकते.

@बुटीबोरी_फिटर, मनापासून आभार. जसंच्या तसं पाठवलं. बाबांचं उत्तर: "जोड मी पाहिले होते." दोन तासांनी दुसरा मेसेज: "एक ढिला होता."

@मनुताई, जेवणावर स्वतंत्र लिहिते, तो आईचा आवडता विषय.

वऱ्हाडी_ठेचा

"एक ढिला होता" 😂 सगळ्यांचे बाबा एकाच कारखान्यातून निघालेत.

दार_ए_सलाम

शेजारच्या टांझानियातून लिहितोय, बावीस वर्षं झाली. आईबाबांना सांगा, मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचून झोपा, नुसती टांगून उपयोग नाही. आणि ताप आला की 'उन्हाचा असेल' म्हणत एक दिवसही काढायचा नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं. आपली माणसं तिथेच फसतात.

तूर मिळते का म्हणून कुणी विचारायच्या आत सांगतो: भरपूर. इथे म्बाझी म्हणतात, नारळाच्या दुधात शिजवतात. मलावीची तूर भारतात जाते, दोन्ही सरकारांचा २०२१ मध्ये तसा करारही झाला. यवतमाळचा शेतकरी भावासाठी ज्या आयातीला शिव्या घालतो, त्यातली थोडी तुमच्या आईच्या शेजारच्या शेतातली असू शकते.

सदरची_चिमणी

@दार_ए_सलाम, तुमचा मलेरियाचा सल्ला फार उशिरा आला. मार्चमध्ये बाबांना झाला. तंतोतंत तुम्ही म्हणता तसंच, 'डिझेलच्या रांगेत उन्हात उभा होतो म्हणून' असं करत दीड दिवस काढला. आईने शेवटी हॉस्पिटलमधून किट आणून घरीच बोट टोचलं. तीन दिवस गोळ्या, थंडी वाजून पलंग हलायचा. हे मला कधी कळलं? बाबा पुन्हा जनरेटरवर जायला लागल्यावर. आई रोज रात्री साडेनऊला, म्हणजे त्यांच्या सहाला, माझ्याशी बोलत होती आणि 'बाबा झोपले' म्हणून सांगत होती. मी आठवडाभर बोलले नाही तिच्याशी. मग तिनेच एक दिवस मेसेज केला, "कढीपत्त्याला पाणी घालून राह्यली ना?"

आता जेवण. नांदोलो म्हणजे तूर. जुलैमध्ये बाजारात तुरीच्या हिरव्या शेंगांचे ढीग लागले. जुलैमध्ये! आपल्याकडे संक्रांतीच्या आगेमागे जे मिळतं ते तिथे आषाढात. आईने दोन पिशव्या आणल्या, शेजारच्या नर्सिंगच्या मुली सोलायला बसल्या. सोले-वांग्याची भाजी झाली आणि सोलेभात. वांगी मिळतात, मसाला मी पाठवलेला. त्या मुली तुरीला नुसत्या मिठात उकडून खातात, त्यांना फोडणीच्या वासाने ठसका लागला. पण भात सगळा संपला.

त्यांचं मुख्य अन्न न्सीमा. पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड समजा, हाताने गोळा करून भाजीला लावून खायची. सोबत उसिपा म्हणजे तलावातले बोटभर सुके मासे. बाबा म्हणतात ही तर आपली सुकट, फक्त समुद्र न पाहिलेली. बाबा मूळचे भंडाऱ्याचे, तलावाच्या माशांवर वाढलेले, त्यांचं बरं चाललंय. आईला चहाची अडचण नाही कारण तिथे चहाचे मळेच आहेत. अडचण आहे ती भाकरीची, ज्वारीची सवय आहे तिला, आणि दुसरी गुडघ्याची. त्यांच्या क्वार्टरपासून वॉर्डापर्यंत चढ आहे.

निवृत्त_मास्तर

धागा आवडला. पेन्शनरांचा एक व्यवहारी प्रश्न: नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचं काय केलंत? माझा मुलगा बोलावतोय, पण त्या दाखल्याच्या धसक्याने मी नोव्हेंबर सोडून जातो.

सदरची_चिमणी

@निवृत्त_मास्तर, दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. मोबाइलवरून चेहरा दाखवून होतं म्हणून आम्ही निवांत होतो. दोघांचे चष्मे काढले, घातले, खिडकीजवळ बसले, दाराजवळ बसले. आईचं झालं. बाबांचा चेहरा काही जुळेना, मलेरियानंतर गाल बसलेत. मग लिलाँग्वेला, म्हणजे तिथल्या राजधानीत, भारताचं उच्चायुक्तालय आहे तिथे जाऊन सही-शिक्का घ्यायचं ठरलं. ब्लँटायरहून तीनशेच्या वर किलोमीटर, बसने अख्खा दिवस. बाबा आदल्या दिवशी गेले, मुक्काम केला, जिवंत असल्याचा कागद घेऊन परत आले. तो मी इथे बँकेत नेला. खिडकीवरचा माणूस म्हणाला, सही रेकॉर्डशी जुळत नाही, पेन्शनरला घेऊन या. मी म्हटलं, तो आफ्रिकेत आहे म्हणूनच तर हा कागद आहे. तो म्हणाला, मग ते परत आल्यावर या. चार फेऱ्या झाल्या. शेवटी मोठ्या साहेबाने कागद उलटून मागचा शिक्का पाहिला आणि दोन मिनिटांत काम केलं. मागचं पान तोवर कुणी उलटलंच नव्हतं.

तुम्हाला सल्ला: जा, पण जाण्याआधी बँकेत नव्याने सहीचा नमुना देऊन जा. उतारवयात सही बदलते.

शंकासुर

उत्तर प्रांजळ दिलंत, आभार. माझा मुद्दा पूर्ण सुटलेला नाही, पण तो तुमच्या आईबाबांवर काढण्यात अर्थ नाही. एक विचारू? ते दोघं परत आल्यावर तिथलं कोण बघणार? बाहेरचा माणूस येतो, दोन वर्षं गाडी चालवतो आणि गेला की पुन्हा बोअरचं पाणी.

डॉ_काटोल

शंकासुर यांचा हा प्रश्न पहिल्यापेक्षा चांगला आहे. मी पंधरा वर्षं ग्रामीण रुग्णालयात आहे. दान आलेली यंत्रं कोपऱ्यात कापड टाकून पडलेली मी दर ठिकाणी पाहिलीत. यंत्र बिघडत नाही हो, फ्यूज जातो, आणि फ्यूज बदलणारा माणूस यंत्रासोबत येत नाही. चिमणीताई, बाबांना सांगा की हायड्रोमीटर स्वतःच्या हातात धरू नका.

सदरची_चिमणी

@डॉ_काटोल, हे वाक्य बाबांना वाचून दाखवलं. गप्प झाले. मग म्हणाले, एक पोरगा आहे, वॉचमनचा मुलगा, बारावीनंतर घरीच आहे. तो रोज मागे मागे येतो, त्याला बॅटरी धरायला देतात. टॉर्च, म्हणजे. आता त्याला वही दिलीय. ४८ रकान्यांची, बाबांनी पट्टीने आखलेली. दर शनिवारी रीडिंग त्याने घ्यायचं, बाबांनी फक्त शेजारी उभं राहायचं. बाबांना शेजारी नुसतं उभं राहता येतं का, ते मी तीस वर्षं पाहिलंय. आमच्या घरी पंखा दुरुस्त करायला आलेला माणूस स्टूल धरून उभा असायचा आणि बाबा वर.

आईचं सध्याचं मुख्य काम वॉर्डाबाहेरचं आहे. पेशंटसोबत आलेल्या नातेवाइकांना तिथे गार्डियन म्हणतात. त्यांच्यासाठी आवारात शेड असते, तिथेच चुली, तिथेच झोपणं. आपल्या नागपूरच्या मेडिकल हॉस्पिटलच्या आवारात लोक सतरंज्या टाकून असतात तसंच. पेशंटचं खाणं, धुणं, पुसणं सगळं तेच करतात. आई दुपारी त्यांच्यात जाऊन बसते. जखम कशी धुवायची, उकळलेलं पाणी कशात ठेवायचं, असं मोडक्या चिचेवात सांगते. त्या बायका तिला 'आमायी' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाटलं कुणीतरी मराठीत 'माय' म्हणून हाक मारली, आणि ती गर्रकन वळली.

मनुताई

इथे मी थांबून पदर शोधला. गुडघ्यांना तिळाचं तेल कोमट करून लावायला सांगा.

बुटीबोरी_फिटर

इक्वलायझिंग दिलं का? रीडिंग टाका. मी वाट पाहून राह्यलो.

सदरची_चिमणी

@बुटीबोरी_फिटर, दोनदा दिलं, आठवड्याच्या अंतराने. वहीच्या पानाचा फोटो आलाय, अक्षर त्या मुलाचं आहे. तीच बॅटरी: १२१०, १२१५, १२१०, १२०५, १२१०. सहाव्या सेलचा ११९०. बाबा विचारतात, सहाव्याला तिसऱ्यांदा द्यायचं की थांबायचं?

आणि काल रात्री बोलता बोलता तिथली वीज गेली. फोन टेबलावर राहिला, बाबा टॉर्च घेऊन धावले. मी ऐकत होते. नुसता अंधार, कुत्री, आईचं "सावकाश जा हो". यावेळी जनरेटरचा आवाज आलाच नाही. आई म्हणाली, दिवे चालू आहेत वॉर्डाचे, दिसतात मला खिडकीतून. पावणेदोन तास चालले.

बुटीबोरी_फिटर

तिसऱ्यांदा देऊ नका. महिनाभर वापरा, मग त्या पोराला पुन्हा मोजू द्या. आणि सहाव्या सेलचं झाकण उघडून पाणी किती खाली गेलं ते पाहा, तिथे जास्त आटत असेल तर मला सांगा.